मदत हवी आहे: फाईव्ह-जीची रेंज फुल्ल, तरी मीटिंगमध्ये आवाज तुटतो. राउटर घेऊ का?

सूसवासी (मंगळवार, रात्री ९:४२)

पटकन सांगा प्लीज. घरी फाईव्ह-जीची रेंज फुल्ल दिसते, पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो आणि व्हिडिओ गोठतो. समोरच्यांचं मला बऱ्यापैकी ऐकू येतं. यूट्यूब, क्रिकेट वगैरे मक्खन चालतं. आता सिम कंपनीचा माणूस मागे लागलाय की फाईव्ह-जीचा घरगुती राउटर घ्या, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरा, शुक्रवारपर्यंत ऑफर आहे. घेऊ की नको, एवढंच हवंय. "ऑफिसला जात जा" असं कृपया कोणी लिहू नये, ते घरात रोज ऐकतो.

चहाबाज (९:५०)

कुठली कंपनी, कुठला फोन, घरात वायफाय आहे की नाही, आवाज नक्की कधी तुटतो? यातलं काहीही लिहिलेलं नाही. आम्ही काय पत्रिका मांडायची?

सूसवासी (९:५४)

सूस-म्हाळुंगे बाजूला राहतो. फोन चांगला आहे. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर चालवतो. कंपनीचं नाव घेतलं की इथे धागा उडतो, म्हणून घेत नाही. आवाज दिवसभर कधीही तुटतो. आता सांगा.

अण्णा_कोथरूड (१०:०१)

सोपा उपाय. सेटिंगमध्ये जाऊन फोन फोर-जीवर लॉक करा. फाईव्ह-जी हे फॅड आहे. मीटिंगला तीन-चार एमबीपीएस अपलोड पुरतो, तेवढा फोर-जी आरामात देतं. माझ्याकडे बॅटरीही दीडपट टिकते. मी आमच्या अख्ख्या गल्लीला फोर-जीवर आणलंय.

फायबरप्रेमी (१०:०४)

फायबर घ्या. विषय संपला. रेडिओ तो रेडिओच.

सूसवासी (१०:०९)

@फायबरप्रेमी, फायबर घेता आलं असतं तर हा धागा कशाला काढला असता? सोसायटीने एकाच ब्रॉडबँडवाल्याला आत घेतलंय आणि त्याची लाइन आठवड्यातून तीनदा झोपते. दुसऱ्याला डक्टमध्ये केबल टाकू देत नाहीत.

@अण्णा, फोर-जी करून पाहिलं. जरा बरं वाटतं, पण संध्याकाळी तेही मरतं.

फायबरप्रेमी (१०:१३)

मग कमिटी बदला. आमच्याकडे पिंपळे सौदागरला जनरल बॉडीत ठराव मांडून तीन कंपन्या आत आणल्या. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचं रेटिंग देण्याचे नियम काढलेत, ते सेक्रेटरीच्या टेबलावर ठेवा. फ्लॅटची किंमत म्हटलं की कमिटी लगेच जागी होते.

सूसवासी (१०:१५)

शुक्रवारपर्यंत कमिटी बदलू? बरं.

पॉलीटेक्निक_८९ (१०:३१)

मुळात फाईव्ह-जी म्हणजे काय हे समजून घेतलं तर अर्धे प्रश्न सुटतात. लोकांना वाटतं वेग नव्या टॉवरमुळे आला. खरी गंमत एरर करेक्शनच्या, म्हणजे वाटेत बिघडलेले बिट दुरुस्त करायच्या गणितात आहे. रॉबर्ट गॅलेगर यांनी १९६० च्या सुमारास एमआयटीत डॉक्टरेट करताना एलडीपीसी नावाचे कोड मांडले. तेव्हाच्या कॉम्प्युटरला ते झेपणारे नव्हते, म्हणून तीसेक वर्षं धूळ खात पडले. नव्वदच्या दशकात पुन्हा कोणाला तरी आठवले. दुसरीकडे तुर्कस्तानच्या बिल्केंट विद्यापीठातले एर्दाल आरिकान यांनी २००९ मध्ये पोलर कोड प्रसिद्ध केले. २०१६ साली मोबाईलची मानकं ठरवणाऱ्या थ्री-जीपीपीच्या बैठकांत या दोन्हींवरून कंपन्यांची भरपूर जुंपली आणि शेवटी वाटणी झाली: डेटासाठी एलडीपीसी, नियंत्रणाच्या संदेशांसाठी पोलर. रिलीज १५ म्हणून २०१८ मध्ये जे पहिलं फाईव्ह-जी मानक पक्कं झालं, त्यात हे दोन्ही आहेत. आज तुमच्या खिशात त्या जुन्या प्रबंधातलं गणित चालतंय.

सूसवासी (१०:३८)

काका, माहिती भारी आहे. पण उद्या सकाळी दहाला माझा क्लायंट कॉल आहे. राउटर घेऊ का?

टवाळ (१०:४०)

गॅलेगरांना विचारून सांगतो. (हलकेच घ्या.)

बूस्टरवाला_बंड्या (१०:५२)

इतकं डोकं कशाला लावताय! सिग्नल बूस्टर लावा. छतावर एक अँटेना, घरात एक, मध्ये डबा. ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळतो. माझ्या मेहुण्याच्या दुकानात लावलाय, रेंज एकदम टकाटक.

ड्राइव्हटेस्ट (११:०५)

बूस्टर अजिबात लावू नका. परवाना असलेल्या मोबाईल कंपनीशिवाय कोणालाही रिपीटर, म्हणजे हाच बूस्टर, लावता येत नाही, तो गुन्हा आहे, आणि दूरसंचार विभागाची वायरलेस मॉनिटरिंगची माणसं गाडी घेऊन असले डबे शोधत फिरतात. कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान मोठं आहे. स्वस्त बूस्टर टॉवरकडे जाणारा गोंगाटसुद्धा वाढवून पाठवतो. मग त्या टॉवरला आसपासच्या सगळ्यांचे फोन नीट ऐकू येत नाहीत, आणि सगळ्यांचा अपलोड बसतो. मेहुण्यांच्या दुकानात टकाटक असेल, शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारा.

@सूसवासी, मी याच कामात आहे. गाडीत लॅपटॉप आणि आठ फोन घेऊन नेटवर्क मोजत पुणे पालथं घालतो. हे सांगा:
कितव्या मजल्यावर राहता?
मीटिंगला कुठल्या खोलीत बसता, तिच्या खिडकीतून काय दिसतं?
स्पीड टेस्टमध्ये अपलोड किती येतो? डाउनलोड नको.

बूस्टरवाला_बंड्या (११:१०)

सगळे लावतात हो. पकडलेला एकही माझ्या पाहण्यात नाही.

चहाबाज (११:११)

हेल्मेटबद्दलही पुण्यात हेच म्हणतात.

सूसवासी (११:१८)

१६ वा मजला. हॉलमध्ये बसतो, मोठी काचेची खिडकी आहे. समोर हायवे, पलीकडे बाणेर-बालेवाडी पूर्ण दिसतं, रात्री मस्त दिवे दिसतात. टॉवर तर डझनभर दिसतात, म्हणून तर रेंज फुल्ल आहे. आत्ता डाउनलोड ९० च्या आसपास, अपलोड १ च्या खाली-वर.

ड्राइव्हटेस्ट (११:३६)

सोळावा मजला हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, राव.

डझनभर टॉवर दिसतात हेच दुखणं आहे. फोनवरच्या दांड्या फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात. तो किती स्वच्छ आहे हे त्यांतून कळत नाही. मोबाईल कंपनी आपले टॉवर जमिनीवरच्या आणि पाच-सात मजल्यांपर्यंतच्या लोकांसाठी बसवते. अँटेना थोड्या खाली झुकवलेल्या असतात, म्हणजे एका टॉवरचा सिग्नल दुसऱ्याच्या हद्दीत जाऊ नये. खाली मधल्या इमारती आडोसा करतात. सोळाव्या मजल्यावर आडोसाच नाही. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर सात-आठ सेल, म्हणजे टॉवरांवरच्या वेगवेगळ्या दिशांच्या अँटेना, साधारण सारख्याच जोराने तुमच्या हॉलमध्ये येतात. विसर्जनाच्या रात्री अलका चौकात चार पथकांचे ढोल एकदम वाजले की आवाज भरपूर असतो, ताल एकाचाही कळत नाही, तसं.

मग फोन या सेलवरून त्या सेलवर उड्या मारत राहतो. प्रत्येक उडीला क्षणभर डेटा अडकतो. यूट्यूब पुढचे काही सेकंद आधीच भरून ठेवतो म्हणून तिथे कळत नाही. मीटिंगमध्ये साठवायला वेळ नसतो.

अपलोडचं दुखणं आणखी वेगळं. टॉवरचं यंत्र शेकडो वॉटपर्यंत जाऊ शकतं, फोनची कमाल ताकद साधारण २०० मिलिवॉट. शिवाय फाईव्ह-जी मुख्यतः चालतं त्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने चालतं, आणि वेळेचा मोठा हिस्सा डाउनलोडला दिलेला असतो. लोक बघतात जास्त, पाठवतात कमी, म्हणून तशी वाटणी. घरून काम करणारा त्यात मरतो.

अण्णा_कोथरूड (११:४४)

म्हणजे फोर-जीवर लॉक करा हेच खरं. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

ड्राइव्हटेस्ट (११:४९)

अण्णा, तुमचं चूक नाही, पण त्याच्या मजल्यावर फोर-जीचेही तेवढेच सेल आदळतात. म्हणून संध्याकाळी तेही मरतं असं तो सांगतोय. तुम्ही कितव्या मजल्यावर?

अण्णा_कोथरूड (११:५०)

तळमजला. बंगला आहे.

टवाळ (११:५१)

जागा विकायची असेल तर मला निरोप करा.

मृण्मयी_के (बुधवार, सकाळी ७:१५)

अवांतर आहे, पण विचारते. आमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेल्या वर्षी फाईव्ह-जीचे पांढरे चौकोनी डबे लावले. तेव्हापासून चिमण्या दिसत नाहीत आणि सासूबाईंचं डोकं दुखतं. हे धोकादायक असतं का? माझी मुलगी चार वर्षांची आहे.

ड्राइव्हटेस्ट (सकाळी ७:५८)

ताई, या लहरी अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे करू शकतील इतक्या ऊर्जेच्या नसतात, क्ष-किरणांसारखं त्यांचं काम नाही. जोरात असल्या तर ऊब देतात, आणि मर्यादा त्या उबेच्या खूप खाली ठरवतात. भारताने २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्याही दशांशावर आपली मर्यादा आणली. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर तुमच्या भागातला टॉवर शोधता येतो, शुल्क भरून मोजणीही मागवता येते. चिमण्या तर काही देशांत टू-जीच्या आधीपासून कमी होत आल्यात. सासूबाईंचा बीपी मात्र तपासून घ्या.

ते पांढरे डबे म्हणजे मॅसिव्ह मायमो. आत छोट्या अँटेनांची जाळी असते, ६४ स्वतंत्र वाटांनी पाठवणारी आणि ६४ वाटांनी ऐकणारी. ३३०० मेगाहर्ट्झची लहर नऊ सेंटीमीटरची, दोन अँटेनांत तिच्या निम्मं अंतर पुरतं, म्हणून एवढं सगळं डब्यात मावतं. प्रत्येक अँटेनाला जाणारा सिग्नल किंचित मागेपुढे केला की झोत हव्या त्या फोनकडे वळतो. जुन्या अँटेना आपल्या ठरलेल्या भागात सारखंच फेकायच्या.

पॉलीटेक्निक_८९ (८:२०)

बाय द वे, झोत वळवता येतो तर सोळाव्या मजल्याकडेही वळवता यायला हवा. वर-खालीही वळतो ना?

ड्राइव्हटेस्ट (८:३४)

वळतो. पण आधी फोनला सेल सापडावा लागतो आणि ते काम थोडे ठरावीक झोत करतात, बहुतेक ठिकाणी जमिनीच्या बाजूला लावलेले. उंच इमारतींसाठी त्यांची मांडणी बदलता येते. कंपनीकडे तक्रार करताना "नेट स्लो आहे" असं लिहू नका. "उंच मजल्यावर अनेक सेलचा इंटरफेरन्स, वारंवार हँडओव्हर" असं लिहा. हँडओव्हर म्हणजे त्याच सेलवरच्या उड्या. तक्रार कॉल सेंटरकडून रेडिओच्या टीमकडे जायची शक्यता वाढते. वाढते म्हणतोय, जातेच असं नाही.

खोडदकर (९:०५)

तुम्ही सगळे ३३०० च्या मागे लागलात. खरा माल ७०० मेगाहर्ट्झ आहे. २०२२ च्या लिलावात हा पट्टा एकाच कंपनीने उचलला. लहर ४३ सेंटीमीटरची, भिंतीतून बरी जाते, डोंगराआड वळते. ३३०० च्याच पट्ट्यातल्या ३५०० शी तुलना केली तर तेवढ्याच अंतरावर साध्या अँटेनाने २५ पट जास्त ताकद हाती लागते. फक्त पट्टा अरुंद, १० मेगाहर्ट्झची जोडी. ३३०० मध्ये मोठ्या कंपन्यांकडे १०० च्या आसपास आहे. म्हणून एक पोहोचतं आणि दुसरं पळतं.

आता आमचं दुखणं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. सुधारणा केल्यापासून ती १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग ऐकते. हे ७०० मेगाहर्ट्झ बरोब्बर तिच्या कानात बसतं. आकाशातल्या हायड्रोजनचा आवाज ऐकायचा आणि शेजारी कोणीतरी रील अपलोड करतंय! तिथे आत गेलात की मोबाईल बंद करायला सांगतात, ते उगाच नाही.

चहाबाज (९:१२)

नारायणगावला आलात की मिसळ कुठली खायची तेही सांगून टाका.

खोडदकर (९:१५)

त्यासाठी वेगळा धागा लागेल आणि मारामारी होईल.

सूसवासी (दुपारी १२:२०)

कॉल झाला. वाट लागली. क्लायंट म्हणाला, "यू साऊंड लाईक अ रोबो." मिसळ, चिमण्या, हायड्रोजन सगळं झालं असेल तर मी आता काय करू ते कोणीतरी सांगा.

ड्राइव्हटेस्ट (१२:४१)

अँड्रॉइड असेल तर डायलरवर *#*#४६३६#*#* टाकून बघा, किंवा नेटवर्क सेलची माहिती दाखवणारं एखादं मोफत ॲप घ्या. तीन आकडे लिहून घ्या. आरएसआरपी म्हणजे जोर: उणे ८० भरपूर, उणे ११० रडतखडत. एसआयएनआर म्हणजे स्वच्छता: १५ च्या वर छान, ५ च्या खाली कठीण. पीसीआय म्हणजे सेलचा नंबर. एका जागी बसून पाच मिनिटं बघा, तो नंबर बदलतोय का.

हे हॉलमध्ये करा आणि मग घराच्या अगदी विरुद्ध बाजूला करा, जिथून हायवे दिसत नाही तिथे. रेंज कमी दिसली तरी चालेल.

फायबरप्रेमी (१२:५०)

एवढ्या वेळात फायबर टाकून झालं असतं.

सूसवासी (संध्याकाळी ६:३३)

केलं. बँड एन७८ दाखवतो, म्हणजे तुमचा ३३०० वाला.
हॉल: आरएसआरपी उणे ७८, एसआयएनआर २. पीसीआय सारखा बदलतोय, मोजायचा सोडून दिला.
ड्राय बाल्कनी, मागे टेकडी: आरएसआरपी उणे ९६, एसआयएनआर १७. पीसीआय हलत नाही. दांड्या दोनच दिसतात. डाउनलोड ३०० च्या वर, अपलोड १४!!

हे उलटं कसं काय? रेंज कमी आणि नेट जास्त?

पॉलीटेक्निक_८९ (६:५१)

आता तरी गणित ऐका. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९४८ मध्ये मर्यादा घालून दिली आहे. प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला जास्तीत जास्त किती बिट जातील ते सिग्नल गोंगाटाच्या किती पट आहे यावर ठरतं. २ डेसिबल म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या दीडपट, मर्यादा १.४ बिटच्या आसपास. १७ डेसिबल म्हणजे ५० पट, मर्यादा साधारण ५.७ बिट. चौपट फरक. एलडीपीसी काय किंवा पोलर काय, या मर्यादेच्या जवळ नेऊन पोचवतात, ओलांडून देत नाहीत. तुमच्या हॉलमध्ये मर्यादाच खाली आहे.

सूसवासी (६:५६)

काका, हे काल रात्रीच सांगितलं असतं तर.

पॉलीटेक्निक_८९ (६:५८)

काल तुम्हाला राउटर हवा होता.

ड्राइव्हटेस्ट (७:२०)

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. घराच्या आत ठेवायचा राउटर असेल तर घेऊ नका. तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसणार आणि फोनसारखाच गोंधळणार. बाहेर बसवायचं युनिट असेल तर विचार करा. त्याची अँटेना एका दिशेला बघते, बाजूचे आणि मागचे सेल तिला कमी दिसतात. ते ड्राय बाल्कनीच्या बाजूला, टेकडीकडे तोंड करून बसवायचं. बसवायला येणारा माणूस सवयीने जास्त रेंज दिसेल तिकडे, म्हणजे हायवेकडे लावेल. त्याला एसआयएनआर दाखवायला सांगा. पैसे त्यानंतर.

काच लो-ई प्रकारची आहे का तेही बघा. उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो तिच्यावर, तो रेडिओही अडवतो. हॉलच्या खिडकीला तशी काच असती तर उलट तुमचा फायदा झाला असता.

सूसवासी (७:३१)

माणसाला फोन केला. बाहेरचं युनिट आहे म्हणतो, पण आधी लावून दाखवणार नाही, पैसे आगाऊच. आणि ड्राय बाल्कनीच्या बाहेर काही लावायचं तर सेक्रेटरींची लेखी परवानगी.

फायबरप्रेमी (७:३३)

कमिटी. म्हटलं होतं ना.

ड्राइव्हटेस्ट (७:४०)

मग शुक्रवार जाऊ द्या. या ऑफरी दर महिन्याला येतात. तोपर्यंत फोन ड्राय बाल्कनीत चार्जिंगला लावून ठेवा, हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर नको, २.४ वर ठेवा, भिंतीपलीकडे बरा पोचेल. नाहीच पोचला तर लॅपटॉप घेऊन तिकडेच बसा.

सूसवासी (गुरुवार, सकाळी ११:०५)

हॉटस्पॉट २.४ वर हॉलपर्यंत येतो, पण मध्येच अडखळतो. आजचा कॉल ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून केला. एकदाही तुटला नाही. बायकोने मध्येच मशीन लावलं तेव्हा फक्त स्क्रीन हलत होती. राउटरवाल्याला नको म्हणून कळवलं. सेक्रेटरींना परवानगीचा अर्ज दिलाय, ते म्हणाले पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.

मृण्मयी_के (११:२०)

बीपी खरंच वाढलेला निघाला. आणखी एक, फाईव्ह-जीसाठी नवीन सिम घ्यावं लागतं का?

चहाबाज (११:२४)

नाही ताई, फोर-जीचं सिम चालतं. फोनमध्ये तो बँड आहे का तेवढं बघा. सासूबाईंना मिठाचं सांगा.